वॉर्डातलं वॉर्डात

हे लिहिण्याआधी मी दोन ठिकाणी परवानगी मागितली. पहिली सोनकांबळे सिस्टरांच्या लेकीकडं. ती नांदेडला बँकेत आहे. सिस्टर गेल्या त्याला आता वर्ष होईल. लेक म्हणाली, "आईचं नाव खुशाल लिहा. तिनं कुणाला भ्यावं असं कधी काही केलंच नाही." दुसरी परवानगी एका बाईंकडं. त्या फोनवर म्हणाल्या, "लिव्हा. पण माझं नाव नको, गावाचं बी नको. आजाराचं नाव मात्र खरं लिव्हा."

तेव्हा गाव लिहीत नाही. मुखेड आणि बिलोलीच्या मधे कुठंतरी तीस खाटांचं सरकारी रुग्णालय आहे असं समजा. तिथं मी तीन वर्षं डॉक्टर होतो आणि सिस्टर वॉर्डाच्या इन्चार्ज होत्या. कागदोपत्री मी त्यांचा साहेब. प्रत्यक्षात कोण कुणाचं साहेब होतं, ते तिथल्या शिपायालाही ठाऊक होतं.

मी लातूरचा. आमच्याकडं शिकवण्यांच्या गल्लीत मुलगा वाढला की त्याला वाटायला लागतं, परीक्षेत येत नाही ते जगात नसतं. मीही तसाच गेलो होतो. पहिल्याच दिवशी सिस्टरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "साहेब, जेवलात का?" नाही म्हटल्यावर त्यांनी डबा पुढं केला आणि म्हणाल्या, "उपाशी डॉक्टर लई वरडतो. आधी खा, मग राउंडला चला." डब्यात ज्वारीची भाकरी आणि तिखटजाळ ठेचा होता. राउंडला मी ओरडलो नाही, कारण तोंडातून आवाजच निघत नव्हता.

ठेंगण्या बाई. पांढऱ्या गणवेशावर बाराही महिने चॉकलेटी स्वेटर, त्याच्या एका खिशात किल्ल्या आणि दुसऱ्यात फोन. फोनला त्यांनी ब्लाउजपिसाच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवली होती, वर शर्टाचं बटण. वॉर्डाच्या दाराशी आल्या की बटण लागायचं, बाहेर पडल्या की उघडायचं. आतमध्ये कितीही वाजला तरी उघडायच्या नाहीत. त्यांच्या मिस्टरांनी एकदा तक्रार केली की नऊ वेळा फोन केला तरी उचलला नाही. सिस्टर म्हणाल्या, "नऊ बाया बाळंत झाल्या असत्या तेवढ्यात."

म्हणजे त्या फोनच्या विरोधात होत्या असं मुळीच नाही. आमच्यात सगळ्यात जास्त फोन त्याच वापरायच्या. आसपासच्या गावांतल्या आशाताईंचा एक ग्रुप होता, त्यावर सिस्टरांचा ठणठणीत आवाज सकाळी सातला वाजायचा: "बायांनो, आज ज्यांची तारीख हाय त्यांना घिऊन या. गाडीची वाट बघत बसू नका." कुणाची तारीख ते ज्या त्या आशाताईला माहीत. ग्रुपवर नाव नाही, फोटो नाही, हा नियम. एका नवीन आशाताईनं गरोदर बाईचा रिपोर्ट फोटो काढून टाकला तर सिस्टरांनी तो तिथल्या तिथं पुसायला लावला आणि दुपारी एसटी पकडून तिच्या घरी जाऊन आल्या. काय बोलल्या कुणास ठाऊक, पण येताना त्या बाईनं दिलेली शेंगदाण्याची पिशवी त्यांच्या हातात होती.

लोक त्यांना वाट्टेल ते फोटो पाठवायचे. गळू, गजकर्ण, लेकराच्या जिभेवरचे फोड. सिस्टर बघायच्या, आणि एकच उत्तर, "फोनात नाडी लागत न्हाई. दवाखान्यात ये." माणूस आला की औषध देऊन झाल्यावर त्याच्यासमोर फोन काढायचा, त्याचाच फोटो त्याला दाखवायचा आणि पुसायचा. "बघ, गेला. आता तुझं गळू तुझ्यापाशी." लोकांना याची गंमत वाटायची. मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा.

मी तेव्हा आरोग्याविषयी दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ करायला लागलो होतो. बरे चालायचे. सिस्टर एकूणएक बघायच्या. "साहेब, लई छान सांगता तुम्ही. पण 'निर्जलीकरण' म्हणल्यावर आमच्या गावात कोणाला तहान लागत न्हाई." मी भाषा बदलली आणि बघणारे वाढले, हे कबूल करायला हवं. एकदा मात्र त्यांनी व्हिडिओ काढून टाकायला सांगितला. मी वॉर्डात उभं राहून बोललो होतो आणि मागं खाटेवरचा एक म्हातारा कुशीवर वळताना दिसत होता, अर्धा सेकंद. "त्याला विचारलं का?" एवढंच. मी कुरकुरत काढला. अर्ध्या सेकंदासाठी एवढी मेहनत पाण्यात गेली म्हणून दोन दिवस त्यांच्याशी तुटक बोललो. त्यांनी दोन्ही दिवस डबा पुढं केला.

आणि फळवाटपाची गोष्ट सांगितल्याशिवाय सिस्टर कळायच्या नाहीत. तालुक्यातल्या एका भावी नेत्याचा वाढदिवस होता. आमच्याकडं वाढदिवस म्हणजे सरकारी दवाखान्यात केळी. बारा कार्यकर्ते, दोन डझन केळी आणि चार फोन. एका केळ्याला सात हात लागायचे, आणि पलीकडं खाटेवर ज्याला केळं घ्यायचं तो सलाइन लावलेला माणूस कॅमेऱ्याकडं बघून हसायचा प्रयत्न करायचा. सिस्टर दारात वाट अडवून उभ्या राहिल्या.

"केळी ठिवा. फोटो न्हाई."

"बाई, पेशंटशिवाय फोटोला काय अर्थ हाय?" त्यांचा म्होरक्या म्हणाला.

"पेशंट पाहिजे ना? मग तुमच्यातलाच एक झोपा. खाट रिकामी हाय."

त्यांना हे पटलं, ही यातली खरी मजा. एक धडधाकट कार्यकर्ता बूट काढून खाटेवर आडवा झाला, सिस्टरांनी त्याच्या हाताला रिकाम्या सलाइनची नळी चिकटपट्टीनं लावून दिली, अंगावर चादर ओढली. भावी नेत्यानं गंभीर चेहऱ्यानं त्याला केळं दिलं. फोटो झकास आला आणि तासाभरात तालुकाभर गेला. संध्याकाळी त्या कार्यकर्त्याची सासुरवाडी बिलोलीहून जीप करून दवाखान्यात हजर. सासू रडत, मेहुणा नारळपाणी घेऊन. "जावईबापूला काय झालं हो बाई?" सिस्टर म्हणाल्या, "काही न्हाई, फोटो झालाय." त्या वर्षानंतर आमच्याकडं केळी यायची, कॅमेरे यायचे नाहीत.

हे सगळं मी हसत हसत सांगायचो. आपल्याही एका फोटोचं तसंच काही होईल असं मला वाटलं नव्हतं.

एका सोमवारी एक बाई आल्या. चाळिशीच्या, नवरा वारलेला, एक मुलगी. गावातल्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायच्या आणि वाढायच्याही. मुलं त्यांना मावशी म्हणायची, मीही तेच म्हणतो. हाताला भाजलं होतं. "पातेल्याला हात लागला. लागल्यालं कळलंच न्हाई, वास आला तवा बघितलं," असं त्या म्हणाल्या आणि माझे कान टवकारले. भाजल्याच्या भोवती फिकट चट्टा होता. कापसाचा बोळा फिरवला, डोळे मिटायला सांगून विचारलं. चट्ट्यावर काही कळत नव्हतं. कुष्ठरोग. लवकर सापडलेला, सहा महिन्यांच्या गोळ्यांत पूर्ण बरा होणारा. पुस्तकात छापावं इतकं स्पष्ट चित्र.

मी फोटो काढला. फक्त हाताचा. मनगटावर तुळस गोंदलेली होती आणि त्याखाली भावाचं नाव. नाव दिसू नये म्हणून मी त्यावर मोजपट्टी ठेवली. एवढी काळजी घेतली म्हणून स्वतःवर खूशही झालो. मावशींना वाटलं साहेब काहीतरी तपासत आहेत. फोटो तालुक्यातल्या डॉक्टरांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "निदान सांगा." त्या ग्रुपवर डॉक्टर होते, तसे मेडिकलवाले होते, लॅबवाले होते, आणि कधीकाळी कुणीतरी कुणाला घेतलेले आणखी काही लोक होते. अंगठे आले, फुलं आली. संध्याकाळपर्यंत कुणीतरी बरोबर उत्तर दिलं. मी शाबास म्हटलं.

तिसऱ्या दिवशी तो फोटो मावशींच्या गावातल्या पालकांच्या ग्रुपवर पोचला. वर एक ओळ चिकटली होती, की आपल्या भागात महारोग पसरतोय, सावध राहा. गावाचं नाव नव्हतं, बाईचं नाव नव्हतं. एका बापाच्या मांडीवर बसलेल्या दुसरीतल्या मुलीनं फोन पाहिला आणि म्हणाली, "ह्यो तर मावशीचा हात हाय."

शाळेनं मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

त्या दवाखान्यात आल्या, बाहेरच्या बाकावर बसल्या. माझ्याकडं आल्याच नाहीत. सिस्टरांना म्हणाल्या, "बाई, मी तर तुमच्याकडंच दाखिवलं व्हतं." सिस्टर माझ्या खोलीत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा होता. त्यांनी फोन टेबलावर ठेवला. पडद्यावर फोटो होता.

"साहेब, ही मोजपट्टी आपल्या ड्रेसिंग रूमची हाय."

मी म्हणालो, "चेहरा कुठं दाखवलाय? नावही झाकलंय."

"तिचा चेहरा कोण बघतंय? लेकरं खाली मान घालून वळीनं बसतात. पुढं ताट. ताटात एक हात येतो, खिचडी टाकतो आन् पुढं जातो. रोज. त्या लेकरांना मावशी म्हंजे तेवढाच हात ठाऊक हाय."

मला सुचलं ते असं, की आपण लगेच एक व्हिडिओ करू. हा रोग गोळ्या सुरू झाल्यावर दुसऱ्याला लागत नाही, शिवल्यानं पसरत नाही, भिऊ नका. त्याच ग्रुपवर टाकू. मी खरंच उठलो होतो.

"तिला विचारलं का?" सिस्टर म्हणाल्या. "मागल्या येळंला न्हाई विचारलं. आता तरी विचारा."

आम्ही बाकापाशी गेलो. सिस्टर मावशींच्या शेजारी बसल्या, मी उभा राहिलो. मी चूक कबूल केली. मावशींनी माझ्याकडं पाहिलं नाही. सिस्टर म्हणाल्या, "काय सांगायचं, काय न्हाई, ते तू ठरव. तू म्हनशील तेवढंच आम्ही करू." मावशी म्हणाल्या, "आता फोनात काही नको. शाळेत चला. मीच बोलंन. तुम्ही फकस्त माझ्या बाजूनं बसा."

शाळा सुटल्यावर पहिलीच्या वर्गात बैठक झाली. मुख्याध्यापक, पाच-सहा पालक आणि शाळा समितीचे अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे गावातले मोठे शेतकरी, भारदस्त मिशा, तळहातावर तंबाखू. मी उभा राहून सांगितलं, की फोटो मी काढला, न विचारता काढला, बाईंचा काही दोष नाही. आयुष्यात इतकं लहान कधी वाटलं नव्हतं. अध्यक्षांनी हात हलवला. "ते जाऊ द्या साहेब. हात हिचाच का, तेवढं बोला."

मी सिस्टरांकडं पाहिलं. त्या बसूनच म्हणाल्या, "अध्यक्ष, वॉर्डातलं वॉर्डात राहतं. मी काही सांगनार न्हाई. उद्या मला कोणी तुमच्याबद्दल विचारलं, तरी हेच सांगन."

अध्यक्षांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. त्या वर्गात बसलेला एकही माणूस असा नव्हता की जो कधी ना कधी सिस्टरांच्या हाताखालून गेला नव्हता. एकानं छताकडं पाहिलं, मुख्याध्यापकांनी चष्मा पुसायला घेतला. अध्यक्षांना कधी काय झालं होतं ते मला आजही माहीत नाही.

मग मावशी उठल्या. पदर बाजूला केला आणि हात पुढं धरला. "हात माझाच हाय. सहा महिने गोळ्या हायेत, चालू केल्यात. माझ्या लेकीला बी तपासलंय, तिला काही न्हाई. लपवून काम करत न्हाई मी. ठिवा न्हाईतर काढा." एवढं बोलून त्या बसल्या. हात मात्र मांडीवर उघडाच ठेवला.

मागून एक पालक म्हणाला, "तुमचं समदं खरं, पण लेकरांचा सवाल हाय. तिच्या हातचं कसं खावं?"

आता सिस्टर उठल्या. आवाज चढला नाही. "कोणाच्या हातचं खायचं न्हाई, हे मला नका शिकवू. माझी आई ह्याच गावची. ह्याच शाळेत तिला पाणी वरून वतत व्हते. तवा बी लोक म्हणत व्हते, लेकरांचा सवाल हाय." मग वॉर्डात औषधाची वेळ सांगावी तशा सुरात म्हणाल्या, "लेकरांचाच सवाल हाय म्हणून सांगते. गोळी चालू असलेल्या बाईचं भ्याव धरू नका. ज्याला चट्टा हाय आन् जो लाजून घरात बसतो, त्याच्यापासून लागतं. त्या फोटोनं असे किती जण घरात बसले असतील, त्याचा हिसाब करा."

त्या दिवशी निर्णय झाला नाही. पंधरा दिवस मावशी घरी होत्या. मग अध्यक्षांनी निरोप धाडला की या. चार-सहा घरांनी मुलांना डबे द्यायला सुरुवात केली, पण सकाळी उठून डबे करण्याचा उत्साह फार दिवस टिकत नाही. मधल्या काळात त्याच गावचे तिघं चट्टे दाखवायला आले. सिस्टरांनी त्यांना आतल्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं.

मला त्यांनी वाचवलं नाही, हेही सांगतो. "वर लिहून कळवा साहेब, तुम्हीच. दुसऱ्यानं कळवायच्या आत न्हवं, कळवायलाच पाहिजे म्हणून." मी लिहिलं. मेमो आला. तो वाचून मी खोलीत मान खाली घालून बसलो होतो तेव्हा सिस्टर चहा घेऊन आल्या, समोर बसल्या आणि तो संपेपर्यंत हलल्या नाहीत. मला सिस्टरांचा राग कधीच आला नाही. आजही कुणाचा फोटो काढायला हात खिशात गेला की मला चहाचा तो कप आठवतो.

पुढं मी लातूरला दवाखाना टाकला. सिस्टर निवृत्त होऊन नांदेडला लेकीकडं गेल्या. चार वर्षांनी माझ्या कंपाउंडरच्या चुलत भावाचं लग्न मुरुडला निघालं. भर दुपारचा मुहूर्त. मी मंडपात शिरलो, अक्षता घेतल्या, समोर पाहिलं तर नवरीमागं मावशी उभ्या. नवरी म्हणजे त्यांची लेक. मला मनापासून आनंद झाला. कोपऱ्यात अध्यक्ष पाहुण्यांना फेटे बांधत होते, मिशा तेवढ्या पांढऱ्या झालेल्या. मी हसून पुढं झालो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "पाव्हणं कोणत्या गावचे?"

मला वाटलं, वय झालं. तेवढ्यात नवऱ्याचे वडील मला हाताला धरून बायकांच्या बाजूला घेऊन गेले. तिथं खुर्चीवर सोनकांबळे सिस्टर बसल्या होत्या. गणवेशाशिवाय मी त्यांना पहिल्यांदा बघत होतो. जांभळी साडी, कानात फुलं.

"ह्या सूनबाईकडच्या मावशी. दवाखान्यात नोकरीला व्हत्या म्हणं," नवऱ्याचे वडील म्हणाले. "आन् हे आमचे डॉक्टर. पहिले तिकडंच व्हते. तुमची वळख असंल की."

सिस्टरांनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"न्हाई बा," त्या म्हणाल्या. "डॉक्टर का थोडे हायेत? कोनाकोनाला वळखावं?"

त्यांना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. ओळख निघाली असती तर पुढचा प्रश्न आला असता, कुठली ओळख, कशी ओळख, नवरीच्या आईला तुम्ही कसे ओळखता. मंडपात मावशींच्या गावची पन्नास माणसं होती. त्यातल्या एकानंही मला ओळख दाखवली नाही. मावशींनी पुढं जावयाला सगळं स्वतः सांगितलं, पण ते त्यांनी ठरवलेल्या दिवशी.

मी हात जोडले. "नमस्कार मावशी. मी लातूरचा."

"बरं बरं. जेवून जावा," सिस्टर म्हणाल्या.

पंगतीला बसलो. सिस्टर, साठी ओलांडलेल्या, पदर खोचून बुंदीची परात घेऊन वाढायला निघाल्या होत्या. कुणी नको म्हणत होतं त्याचं ऐकत नव्हत्या. माझ्यापुढं आल्या, एक मूठ टाकली. क्षणभर थांबल्या, मान वाकवून आणखी एक मूठ टाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घ्या पाव्हणं, लाजू नका." मग पुढच्या ताटाकडं वळल्या. मी नवऱ्याकडचा पाहुणा होतो, मान खाली घालून सगळी बुंदी खाल्ली.